पहिल्यासारखी म्हणजे कशी?

माझी वाचा गेली हे आमच्या घरात कळायला दुपार झाली. याचा दोष मी कुणाला देत नाही. मी मुळातच इतकी कमी बोलणारी, की मी गप्प आहे म्हणजे सगळं ठीक आहे, अशीच सगळ्यांची समजूत होती.

सकाळी भाकऱ्या भाजताना उजव्या हातातून भाकरी निसटली. उचलायला गेले तर बोटं ऐकेनात. वाटलं, हात अवघडला असेल. उरलेल्या भाकऱ्या डाव्या हाताने थापल्या. त्या वाकड्या झाल्या, पण खाणाऱ्यांनी खाल्ल्या. यांनी चहा घेतला, म्हणाले, "साखर कमी हाय." मी काही बोलले नाही. तेही रोजचंच.

दुपारी हे ओटीवर बसले होते. विचारलं, "म्हशीला वैरण घातलीस का गं?" मी "घातली" म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "नारायण."

नारायण हे माझ्या नवऱ्याचं नाव. लग्नाला तीस वर्षं उलटून गेली, पण उखाणा सोडला तर ते नाव मी कधी उच्चारलेलं नव्हतं. माझ्या सासूबाई त्या बाबतीत फार कडक होत्या. घरी पूजा असली की मी बायकांना "सत्यदेवाची पूजा आहे, तीर्थाला या" म्हणून बोलवायचे, कारण पूजेच्या नावातलं पुढचं अर्धं नाव आमच्या यांचं. आणि तीच मी भर दुपारी यांच्या तोंडावर म्हणाले, "नारायण."

हे उठून उभेच राहिले. "काय झालं तुला?" म्हणून जवळ आले, तेव्हा कुठे त्यांना माझं तोंड एका बाजूला ओघळलेलं दिसलं. सकाळपासून ते तसंच होतं. तोंड बघून जे कळलं नाही ते नाव ऐकून कळलं.

गावातली जीप करून कशेळ्यावरून कर्जतला नेलं आणि तिथून पुढे पनवेलच्या बाजूला मोठ्या दवाखान्यात. डोक्यात रक्ताची गुठळी झाली होती. बोलण्याची जागा जिथे असते, नेमकी तिथे. डॉक्टर म्हणाले, उशीर केलात. म्हणून सगळ्यात आधी हे लिहिते. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं बदललं, तर दुपारची वाट बघू नका. लगेच गाडी काढा. आणि घरात कुणी कमी बोलणारं असेल तर त्याला सकाळी एकदा काहीतरी विचारत जा.

*

दवाखान्यात माझ्याकडे एकच शब्द होता. पाणी हवं, नारायण. पाय दुखतोय, नारायण. सुई नको, नारायण, नारायण, नारायण!

रोज सकाळी डॉक्टर यायचे.

"तुमचं नाव काय?"

"नारायण."

"आज कसं वाटतंय?"

"नारायण."

शेजारच्या खाटेवर खोपोलीच्या एक म्हाताऱ्या काकी होत्या. त्यांनी दोन दिवस हे ऐकलं आणि त्यांची खात्री पटली की मी मोठी भक्तीण आहे. एवढ्या दुखण्यातही मुखात देवाचं नाव. तिसऱ्या दिवशी त्यांनी भेटायला आलेल्या सुनेला माझ्याकडे पाठवलं, "जा, त्यांच्या पाया पड. गुण येईल." ती मुलगी खरंच पाया पडली. मी घाबरून म्हणाले, "नारायण!" तिला वाटलं आशीर्वाद मिळाला.

हे कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून सगळं बघत होते. कानापर्यंत लाल झाले होते. पण "देवाचं नाय हो, माझं नाव हाय" असं सांगायची त्यांनाही लाज.

एक गोष्ट मात्र त्यांनी केली. मी "नारायण" म्हटलं की ते प्रत्येक वेळी "ओ" द्यायचे. उगाच म्हटलं असलं तरी "ओ." नर्सबाई हसायच्या. पण ज्याच्या तोंडून एकच शब्द निघतो, त्याच्या त्या शब्दाला कुणी "ओ" दिली तर काय वाटतं, ते मला लिहिता येणार नाही. एवढंच सांगते, की मी बरी झाले याची सुरुवात मी तिथून धरते.

भीतीही होतीच. शब्द गेले नव्हते. ते आत होते, दाराआड उभे असल्यासारखे. मी बोलवायला जायचे आणि दार उघडून बाहेर यायचा भलताच कुणीतरी. भेटायला येणारे नातेवाईक माझ्या कानाशी येऊन ओरडायचे, जशी काही मी बहिरी. नाहीतर माझ्यासमोरच हळू आवाजात बोलायचे, जशी मी तिथे नाहीच. एक नणंद म्हणाली, "चांगली बाई व्हती." व्हती! मी तिच्याकडे डोळे वटारले. ती म्हणाली, "बघा, वळखलं वाटतं मला."

आणि जाताना सगळे एकच म्हणायचे, "काळजी करू नको, पहिल्यासारखी होशील."

*

दवाखान्यातून सुटल्यावर आमचा मुलगा प्रशांत मला थेट रसायनीला घेऊन गेला. तो तिथल्या कंपनीत आहे. तिसऱ्या मजल्यावर त्याची जागा. सून कामावर जाते. दोघंही चांगली आहेत, माझी उस्तवार त्यांनी मनापासून केली. पण दिवसभर दार बंद. समोरच्या दाराआड एक बाई राहते हे मला तिच्या कुकरच्या शिट्टीवरून कळायचं. जिन्यात भेटली तर मान हलवून हसायची, मीही मान हलवून हसायचे. तिला पंधरा दिवसांत कळलं नाही की मला बोलता येत नाही. मला आधी बरं वाटलं. मग वाटलं, ही तर पहिल्यासारखीच झाले मी.

मी रडून रडून गावी परत आले. प्रशांतने एक अट घातली. "आई, बाबा शेतावर असतात. तू एकटी घरात. काय झालं तर फोनवर नीट सांगता आलं पायजे. नाय आलं, तर दिवाळीच्या आधी म्हैस विकायची, घराला कुलूप लावायचं आणि दोघांनी माझ्याकडं यायचं. परत बोलायचं नाय."

परत बोलायचं नाय, असं तो मलाच म्हणाला.

*

कर्जतला एक मॅडम बोलायला शिकवतात. वयाने माझ्या मुलीसारख्या. आठवड्यातून दोनदा जीपने जायचो. त्यांच्याकडे चित्रांचे पत्ते होते. चित्र दाखवायचं, मी नाव सांगायचं. हळूहळू एका शब्दाचे अनेक झाले, पण भलतेच. कप दाखवला की मी म्हणायचे "छत्री". पाण्याचा पेला दाखवला की "पायरी". म्हैस दाखवली की "मावशी".

सुनेची मावशी एकदा गावी भेटायला आली होती. तिच्या समोरच मी यांना सांगत होते, "मावशी… दूध नाय. मावशी… दावं… बांधा." ती बिचारी चहा न घेताच निघाली. हे मागून ओरडत गेले, "अवो, छत्री तरी घेऊन जा!" कारण तोवर आमच्या घरात चहाला छत्रीच म्हणायला लागले होते. मॅडमनी यांना दम दिला, "त्यांच्या चुका तुम्ही शिकू नका." हे म्हणाले, "मला सोपं पडतं."

मॅडमनी एकदा गाणं म्हणायला सांगितलं, आणि मी हळदीचं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. एक शब्द चुकला नाही. मग उखाणा विचारला. तोही आला, धडाधड:

"पेज नदीला पाणी बारा महिने खास,
नारायणरावांना भरवते जिलबीचा घास."

हे एवढे खूश झाले, म्हणाले, "मग पाणी पायजे असलं तर गाऊनच माग की!" पण गाणं संपलं आणि पाणी मागायला गेले, तर पुन्हा पायरी. मॅडमनी समजावलं, पाठ असलेलं डोक्याच्या वेगळ्या कप्प्यात असतं. कप्पे कसलेही असोत, मला पाणी हवं होतं.

रोज संध्याकाळी प्रशांतचा फोन. "आज किती?" म्हणजे कर्जतला नाहीतर घरच्या सरावात आज किती चित्रं बरोबर आली. हे सांगायचे. वाढली असली की तो म्हणायचा, "छान, पहिल्यासारखी व्हायला लागली." कमी झाली की फोन ठेवायचा. मी चौथीपर्यंत शिकले, पण शाळेतसुद्धा मला निकालाची एवढी धास्ती नव्हती. एके दिवशी कर्जतला आधीच्या वेळेपेक्षाही कमी आली. मी पत्ते ढकलून दिले. घरी येऊन गोधडी तोंडावर घेतली आणि पुढचे काही दिवस कर्जतला गेलेच नाही. ज्याच्यावर आपलं घर अवलंबून आहे तो शब्द रोज दाराआडून वेडावून दाखवतो, त्याला किती वेळा बोलवायचं?

*

त्या दिवसांत अंगणात वाल वाळत घातले होते. आमच्याकडचे कडवे वाल, वर्षभराचे. ओटीवर हे पाठ टेकून बसले होते. मी आत होते. खिडकीतून बघते तो हमीदाची शेळी चटईवर उभी राहून जेवायला बसल्यासारखी वाल खातेय.

हमीदा आमची शेजारीण. तिच्या नवऱ्याचं गावात किराणाचं दुकान. आमच्या दोन घरांमध्ये एक कुंपण, त्यालाही भोकं. तिची शेळी आजपर्यंत माझं काय काय खाऊन गेली असेल त्याचा हिशोब नाही. मी कधी काही बोलले नव्हते. मी शेळीला हाकलायचे आणि हमीदा दिसली की उलट हसायचे.

त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक. मी अंगणात जाऊन कुंपणापलीकडे ओरडले, "हमीदा! तुझा नारायण माझी छत्री खातोय!"

हे ओटीवर ताडकन उभे राहिले. "मी? मी काय केलं गं?"

हमीदा हातातलं टाकून धावत आली. "माझा कसला गं नारायण? तुझा तुलाच लखलाभ!"

"तुझाच! रोज येतो! रोज!" मी शेळीकडे बोट दाखवलं.

"ती व्हय! मग नारायण कशाला म्हणतेस, शेळी हाय ती, बाईमाणूस हाय. आन् वाल उघड्यावर टाकून तू आत काय करत व्हतीस? राखण करायला नको?"

"पायरी बंद कर!"

"बांधते की, बांधते. एवढी वरडू नको, गाव गोळा व्हईल."

"व्हऊ दे!"

हे मी म्हणाले. "व्हऊ दे." दोन शब्द, दोन्ही माझे, दोन्ही जागेवर.

हमीदाने शेळीचा कान धरला. जाता जाता थांबली. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "खुदाची शपथ, सुगंधे, इतक्या वर्सांत पयल्यांदा भांडलीस माझ्याशी. मी समजत व्हते, तुला जीभच नाय."

संध्याकाळी शेळी बांधलेली होती. मी वाल गोळा करत होते आणि मला हसू यायला लागलं. सगळे शब्द शाबूत होते तेव्हा ही शेळी मला कधी बांधून घेता आली नव्हती. आता अर्धे शब्द हरवलेत, उरलेले भलत्याच ठिकाणी बसलेत, आणि काम झालं. मग मी ज्या "पहिल्यासारखी"साठी रडतेय ती बाई कोण? जिची वाचा गेलेली कळायला दुपार होते, तीच ना?

*

मी कर्जतला परत गेले. हमीदाही बरोबर आली, कारण जे झालं ते मॅडमना सांगणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. तिने दोन्ही बाजूंनी भांडण करून दाखवलं. शेळीसुद्धा करून दाखवली. मॅडम पोट धरून हसल्या. मग त्यांनी पत्ते खणात ठेवले आणि म्हणाल्या, "सुगंधाताई, चित्रं अधूनमधून करू. पण आजपासून मी 'किती बरोबर' विचारणार नाही. बोलून कोणतं काम झालं, ते सांगायचं."

तेव्हापासून मी तशी मोजते. शब्द बरोबर की चूक ते मोजत नाही. काम झालं की नाही ते बघते.

जीपवाल्याने चौथी बाई आमच्या बाकावर कोंबायला घेतली तेव्हा मी म्हणाले, "नाय! नाय!" बसली नाही ती. काम झालं. कशेळ्याच्या बाजारात कोथिंबीर मागायला गेले आणि बोंबील घेऊन आले. काम झालं नाही, पण जेवण झालं. नणंदेचा फोन आला, तिला म्हणाले, "व्हती नाय. हाय." हे काम मी मोठ्यात धरते.

रोज पुढे जायला होतं असं समजू नका. ताप आला की सगळे शब्द पुन्हा दाराआड जातात. पाहुणे जास्त झाले की जातात. दमले की मी बोलतच नाही, झोपते. सुरुवातीला अशा दिवशी वाटायचं, सगळं गेलं. आता वाटतं, आज दुकान बंद आहे. घरच्यांना एक सांगणं आहे. आमचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. आम्हाला वेळ लागतो, पण तुमच्या वाक्यात आमचं काम नसतं.

*

दिवाळीला थोडे दिवस उरले असताना प्रशांत रविवारी आला. म्हशीला गिऱ्हाईक बघून आला होता. चहा झाला. मी "चहा" म्हणूनच दिला, पण त्याचं लक्ष नव्हतं.

"आई, हे बघ. रागावू नको. समज, बाबा शेतावर पडले. तू मला फोन केलास. काय सांगशील? सांग."

परीक्षा आली की ते सगळे दाराआडचे पळून जातात.

"बाबा…" मी म्हणाले. "पायरी… पडली."

"बघ! पायरी पडली! आता मी डॉक्टर पाठवू का गवंडी पाठवू?"

हे फसकन हसले. मग प्रशांत हसला. मग मीही. पण हसता हसता माझे डोळे भरून आले, कारण त्याचं बरोबर होतं. आणि म्हैस गोठ्यातून माझ्याकडेच बघत होती.

हे खाकरले. "प्रशांत, तुझ्या आईला म्हणायचंय की…"

"नारायण, गप," मी म्हणाले.

प्रशांतने आजवर माझ्या तोंडून बापाचं नाव दुखण्यात ऐकलं होतं. असं, हुकमासारखं, कधीच नाही. हे मात्र खरंच गप्प बसले.

मी उठले, अंगणात गेले आणि जेवढा होता नव्हता तेवढा आवाज काढला. "हमीदा!"

नुसती हाक. पुढे ना पायरी, ना छत्री. कुंपणाच्या भोकातून हमीदा आली, हातात पीठ, मागून तिचा नवरा, त्याच्या मागून शेळी. "काय झालं? कोण पडलं? नारायणभाऊ कुठंयत?" ओटीवर यांना बसलेलं बघून म्हणाली, "हे तर धडधाकट हायेत. मग मला भाकरीवरून कशाला उठवलंस गं, मेले?"

मी प्रशांतकडे वळले. त्याने मध्ये शब्द भरला नाही. तो थांबला, मी शोधेपर्यंत थांबला. मी म्हणाले, "तिकडं… दार बंद. हितं… भांडायला… माणूस हाय."

हमीदा म्हणाली, "माणूस कुणाला म्हणतेस? भांडायला मी एकटी पुरते."

प्रशांतने एकदा गोठ्याकडे बघितलं. मग खिशातून फोन काढला आणि म्हशीच्या गिऱ्हाइकाला सांगितलं, "नाय, दादा. आई नाय म्हणते." "बाबा" नाही, "मी" नाही, "आई नाय म्हणते." त्या दिवशीचं ते माझं काम.

*

या गोष्टीला आता दोन पावसाळे झाले. उजवा हात लिहिण्यापुरता आलाय, अक्षर वाकडं येतं, आणि भलता शब्द उतरला की खोडून पुन्हा लिहिते. चित्रं अजून चुकतात. मागच्या महिन्यात मी भडकलेल्या कंदिलाला "सासूबाई" म्हणाले, आणि ते चुकलं असं घरात कुणी म्हटलं नाही.

प्रशांतचा फोन रोज येतो. आता तो विचारतो, "आई, आज कुणाशी भांडलीस?" मी सांगते. कधी जीपवाला, कधी हमीदा, बहुतेक वेळा याच्या बापाशी. कधी कधी एवढं लांबतं की तोच म्हणतो, "आई, कामावर हाय, ठेव आता."

परवा फोन आला तेव्हा दिवस अगदी शांत गेला होता. म्हणून मी खरं ते सांगितलं, "आज कुणाशीच नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताना गाडी घेऊन दारात हजर. केस विंचरलेले नाहीत, शर्टाची बटणं वरखाली. "आई, बरी हायेस ना तू?"

रजा न टाकता, झोप सोडून, एवढ्या लांबून धावत आला म्हणून मी त्याला असं काही फैलावर घेतलं, की तो पायरीवर बसून निवांत ऐकत राहिला.